आबांनी गिळलेली गोळी

आबा, मी बोलतेय आन् नात लिहितीय. तुम्ही मला शाळेत घातलं नाही, म्हणून तुमची तक्रारसुद्धा दुसऱ्याच्या हातून लिहावी लागते, ती पण तुमच्याकडंच.

शिरूरच्या कोठडीवर तुम्ही शिपाई होता, आन् कैद्यांच्या भाकरी आईच्या चुलीवर व्हायच्या. मी परातीशी बसून पीठ चाळायचे. तेव्हा निमोण्याचा एक कैदी आला होता. भाकरीत इख घातलंय म्हणून उपाशी बसायचा. तुम्ही गजाशी मांडी घालून त्याच्या ताटातला पहिला घास खायचा, मग तो जेवायचा. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यासाठी गोळ्या दिल्या, तर म्हणाला, "आधी तुमी घ्या, मामा." आन् तुम्ही खरंच घेतली! मान एका अंगाला वाकडी, झोकांड्या खात तुम्ही दारात उभे, अजून दिसता मला. आई म्हणतेय, "दिवसाढवळ्या पिऊन आला व्हय?" तुम्ही म्हणता, "औषध गिळून आलोय," आन् पिठाच्या डब्याला टेकून घोरायला लागता. डॉक्टरांनी तुम्हाला चांगलंच झापलं. पण तो कैदी गोळ्या घ्यायला लागला. महिन्याभरानं मला म्हणाला, "पोरी, भाकरीत मीठ कमी पडतंय, आईला सांग." किती हसला होता तुम्ही!

आता तुमचा पणतू आत हाय. शिक्रापूरला कंपनीत होता. कानात माणसं बोलायला लागली, आन् एक दिवस खोलीतल्या जोडीदाराच्या डोक्यात त्यानं पाना घातला. जोडीदार वाचला. तुरुंगातले डॉक्टर गोळी द्यायचे, हा गालात धरून नंतर थुंकायचा. जेवण तुटलं, माणूस ओळखेना. मी दौंडहून भेटीला गेले, तर काचेपलीकडून फोनवर म्हणतो, "आजी, इख हाय. तू खाऊन दाखव."

तुमची वाकडी मान आठवली. म्हटलं, "तुझी गोळी तुलाच दिलीय रं. मला बीपीची दिलीय, ती काय पेढा न्हाई. रोज सकाळी तू तुझी घे, मी माझी घेते."

त्यानं काचेला कपाळ टेकवलं. मग म्हणाला, "शपथ?"

"शपथ."

तेव्हापासून तो घेतो. मागच्या भेटीला म्हणाला, "आवाज गेले न्हाईत आजी, पण हळू बोलतात. तुझे पाय दुखतात का गं?" किती दिवसांनी त्यानं माझं काही विचारलं.

नात विचारतेय, पत्र कुठं टाकायचं? राहू दे म्हटलं, तिकडं टपाल जात न्हाई. पण आबा, एक सांगते. शपथ घेऊनही पहिले दोन महिने माझी गोळी मी खिडकीतून टाकत होते. तो घेत होता, मी न्हाई.

लिहिणारी थांबलीय, डोळे वटारून बघतीय. घेते गं बाई आता, रोज घेते. हे पण लिही.