भात्याचा हिशेब

४ जून
इतके महिने एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल या रोजनिशीची माफी मागते. कॉलेजातली नोकरी सुटल्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. एका फोटो स्टुडिओत फोटोग्राफरचं काम मिळालं, म्हणून धाकट्या बहिणीला घेऊन या गावात आले. स्टुडिओच्या वरच्याच दोन खोल्या मिळाल्या. कॅमेरा केवढा तरी मोठा, लाकडी, पुढे पेटीसारख्या घड्यांचा लांब भाता असलेला. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेवर पाहिलं की माणूस उलटा दिसतो. धाकटी म्हणाली, ताई, तुला जग तसंही उलटंच दिसतं, इथे निदान त्याचा पगार मिळेल.

९ जून
पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाले. फोटो नुसत्या चेहऱ्याचा, अगदी जवळून. त्यासाठी भाता लांबवावा लागतो, आणि भाता लांबला की फिल्मपर्यंत उजेड कमी पोचतो. तेवढं एक्स्पोजर, म्हणजे उजेड देण्याचा वेळ, वाढवायचं असतं. मी विसरले. निगेटिव्ह फिकट आली. स्टुडिओचे मालक रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या आधीचा फोटोग्राफर मुद्दाम चुकायचा, तुम्ही तशा वाटत नाही. मुद्दाम कोण कशाला चुकेल?

१० जून
चूक डोक्यातून जाईना, म्हणून धाकटीला स्टुलावर बसवलं. भिंगातून पापणीचा केस न् केस दिसेपर्यंत फोकस साधला, भात्याचा हिशेब करून एक्स्पोजर दिलं. निगेटिव्ह निर्दोष. मालकांनी तोंड भरून कौतुक केलं.

११ जून
सकाळी चहाच्या वेळी धाकटीचा चेहरा धूसर. चष्मा पुसला. तिच्या हातातला कप, कपाचा तडा स्वच्छ दिसतो. चेहरा मात्र फोकस हुकल्यासारखा. ती म्हणाली, अशी काय बघतेस, नाक चोरीला गेलंय का माझं? आरशात पाहायला गेली. हसत गेली होती.

१३ जून
मालकांनीच सांगितलं. फिल्मवर जेवढं नीट उमटतं, तेवढं माणसावरून जातं. बेकरीवाले जरासे फिकटले, बस. माझ्या चुकीने वाचले. आणि जिथे चुकले नाही तिथे — निगेटिव्ह फाडायला उचलली. मालक शांतपणे म्हणाले, फाडा, म्हणजे उरलंसुरलंही जाईल.

१४ जून
धाकटीचे डोळे गेले. हात लावला तर सपाट, कोमट. रडते, पण पाणी कुठून — ‘ताई’ म्हणते, तेही आता —

१५ जून
मालक म्हणाले, दुसरा एक चेहरा ठेवा, बहिणीचा घेऊन जा. फिकट चालणार नाही. उद्या एक बाई आपल्या मुलीला आणणार आहे, पाच वर्षांची. मी तिला ओळखतही नाही. ओळखत नाही म्हणून — हे मीच लिहिते आहे?
धाकटीने माझं बोट घट्ट धरलंय. तिला कळलं तर नको म्हणेल. म्हणून तिला विचारणार नाही.

उद्या: मुलगी हलू नये म्हणून एक छोटी गोष्ट तयार ठेवणे.