शिक्षा भोगणाऱ्या एकोणतीस जणी

तिगाव, १४ डिसेंबर १९८३

आदरणीय सुमनमावशीस गुणवंताचा सविनय जयभीम. पत्र वाचून दाखवणाऱ्या दिलीपकाकांनाही जयभीम (काका, मधलं गाळू नका, मागच्या वेळी आईचा खोकलाच गाळलात). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे आई मजेत आहे, मी नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या वस्तीत बायांसाठी सरकारी वर्ग निघाला आणि मी त्याचा मास्तर झालो. इथलं सरकारी कामकाज हिंदीत, म्हणून पहिल्याच दिवशी दारावर हिंदी बोर्ड ठोकला गेला, 'प्रौढ शिक्षा केंद्र'. वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणून तक्रारही नव्हती. तीन महिने मी घसा फोडून शिकवलं. परवा आईनं दारात उभं राहून, एकेका अक्षरावर बोट रोखत, तो बोर्ड आपला आपण वाचला. मावशी, माझे डोळे भरून आले. वाटायला साखरेचा डबा उघडतो तोच ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिक्षा? काहून गा? का गुन्हा केला आमी?"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मी जीव तोडून सांगितलं. पण आमच्या बायांची हिंदी बाजारापुरती, आणि हा शब्द बाजारात मिळत नाही. लीलाबाई (यांना 'ल' शिकवण्यात माझे पंधरा दिवस गेले) तरातरा निघाल्या, त्यांच्यामागे सगळा वर्ग. शेवटी मी बोर्डावर चुना फासून कोळशानं 'शाळा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी लीलाबाई सोडून एकोणतीस जणी परत आल्या. नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. 'शिक्षा केंद्र' शोधत आमच्या दारावरून दोनदा गेले, आणि असं केंद्र गावात नाहीच असा शेरा मारून मोकळे झाले. मी स्टेशनापर्यंत धावलो. गाडीत चढता चढता ते म्हणाले, सोमवारी परत येतो, तीस बाया बसलेल्या दिसल्या नाहीत तर कुलूप. आईचं वाचन आता कुठं सुरू झालं, ते तिथंच थांबेल या विचारानं मला भाकर गोड लागत नाही.

घरातल्या सगळ्यांना जयभीम सांग.

तुझा,
गुणवंता

ता. क. आईला तुझी फार आठवण येते. रविवारी ये.

ता. क. दुसरा. आठवण खरी आहे, पण तिसावी बाईही हवी आहे. सोमवारी नुसतं बसायचं. बाकी मी सांभाळतो.

ता. क. तिसरा. (हे अक्षर आईचं आहे, मी हात लावलेला नाही.) सुमन मी शांता. हे मी लिहून राहिली. एका दिवसासाठी येऊ नको. महिनाभर राहा. आजवर आपलं पत्र दुसऱ्यानं लिहिलं, दुसऱ्यानं वाचलं. म्हणून नुसती खुशाली लिहिली. तू शिक. मंग मले लिही सासरी कसं चाललं. खरं लिही. मी कोणाले दाखवत नाही.