रिकाम्या गावातलं रेकॉर्डिंग

२४ नोव्हेंबर
आजपासून नियम. दर रविवारी एक सीक्वेल, एक परखड व्हिडिओ. चॅनल 'सुदेशचं स्पष्ट मत'. सबस्क्रायबर कमी आहेत, पण दर्जेदार. त्यातली एक माझी बहीण दिव्या.
दक्षिणेतल्या एका हाणामारीच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. पहिल्यात हीरोकडे कुऱ्हाड होती, दुसऱ्यात हेलिकॉप्टर. गोष्ट पहिल्यातच संपली होती, हे निर्मात्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. हिंदीवाले भुताचा तिसरा भाग काढतात, त्यात भूत सोडून सगळे असतात. मल्याळमवाले बरे, दुसऱ्या भागाआधी निदान विचार करतात.

२८ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग फसलं. आधी मासळीवाल्याचा हॉर्न, मग धोंडूकाकांचा कोंबडा. धोंडूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलत भाऊ, शेजारचं घर. कोंबडाही त्यांच्यावरच गेलाय, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. रसिका म्हणाली, "त्या कोंब्याचा तरी कोणतरी ऐकता." सख्खी बायको असं बोलते. दुर्लक्ष केलं.

३ डिसेंबर
यंदा गावपळण. देवाने कौल दिला. १२ तारखेपासून तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहणार. मागे चूल नाही, दिवा नाही, माणूस नाही. ते तीन दिवस गाव देवाचं, आणि देवाबरोबर आणखी जे कोण फिरत असतील त्यांचं.
गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराचा. गाव निघताना आबा देवासमोर उभे राहून सगळ्यांच्या वतीने शब्द देतात, की मागे कोणी राहिलेलं नाही. जेवताना म्हणाले, "शब्द माझो आसता. एक जरी मागे रवलो, तर मान धोंडूच्या घराक जातलो."
आई गेल्यापासून आबा एवढ्या एका कामासाठी धोतर इस्त्री करून घेतात. बाकी कशात त्यांचं मन नाही. मी म्हटलं, आबा, काळजी नको.

५ डिसेंबर
एक सुचलंय. रिकामं गाव म्हणजे हॉर्न नाही, कोंबडा नाही. एवढा मोठा स्टुडिओ मुंबईतल्या बड्या समीक्षकालाही मिळत नसेल. भुताच्या सीक्वेलवर व्हिडिओ, तोही भुतांसाठी सोडलेल्या गावातून. दुपारपर्यंतचं काम. श्रद्धेचा मी आदर करतो. देवाचा सिनेमाला काही आक्षेप असेल असं वाटत नाही.

९ डिसेंबर
घरी सांगितलं, देवबागला दिव्याकडे जातो, तिच्या होमस्टेला गर्दी आहे. हे खोटं नाही, नंतर जाणारच आहे. आबा म्हणाले, "जा. गावाभायर आसलंस म्हणजे झाला." त्यांनी इतक्या सहज विश्वास ठेवला, की वाईट वाटलं. जेवल्यावर बरं वाटलं.
रसिकाने फक्त ट्रायपॉड कशाला नेताय विचारलं. उत्तर द्यायला वेळ नव्हता.

१२ डिसेंबर, सकाळ
ढोल वाजले, गाव गेलं. फणसामागे बाइक लपवून मागच्या दाराने घरात शिरलो.
शांतता अपेक्षेपेक्षा जास्त आहे. कावळासुद्धा नाही. माणसं गेली ते समजतं. कावळ्यांना कोणी कळवलं?

१२ डिसेंबर, दुपार
'निळी लॉज २' वर उत्कृष्ट टेक. मुद्दा असा, की पहिल्या भागात भूत दिसत नाही म्हणून भीती वाटते, दुसऱ्यात ते सारखं दिसतं, एका गाण्यात नाचतंही. प्रेक्षकाला नुसती रिकामी खोली दाखवा, बाकीचं तो स्वतः करतो. हे बोलत असताना मागे झोपाळ्याची कडी करकरली. वारा. खिडकी लावली. परत करकरली. कड्या जुन्या आहेत.
टेक ऐकून पाहिला. मी थांबतो तिथे कोणीतरी श्वास घेतं. तो मीच असणार. माइक चांगला आहे, बारीकसारीक पकडतो. व्हिडिओ अपलोड केला.

१२ डिसेंबर, संध्याकाळ, देवबाग
मी पळून आलो असं म्हणता येणार नाही. काम लवकर आटोपलं. मागचं दार मी कडी काढायच्या आधीच उघडं होतं. सकाळी लावायचं राहिलं असेल. एक चप्पल तिथेच राहिली, ती फारशी चांगली नव्हती. दिव्या म्हणाली, "दादा, तोंड पांढरा कित्याक पडला?" उपाशी आहे म्हटलं. मग खरंच जेवावं लागलं.

१३ डिसेंबर, सकाळ
व्हिडिओ सुसाट सुटलाय. सिंधुदुर्गाला परखड मताची भूक होती, हे मी केव्हापासून म्हणतोय. पुढच्या महिन्यात नवीन लाइट घेणार.
कमेंट मात्र सिनेमावर नाहीत. "मागचो झोपाळो वळखीचो दिसता." "भिंतीर आबांचो फोटो मा तो?" एकाने नुसतं 'देवा म्हाराजा' लिहिलंय. धोंडूकाकांनी लाइक केलंय. आयुष्यात पहिल्यांदा. माणूस बदलू शकतो.

१३ डिसेंबर, दुपार
भाताबरोबर एक विचार आला. माळावर रेंज चांगली आहे. सगळं गाव तिथे, तीन दिवस हाताला काम नाही, आणि प्रत्येकाकडे फोन. व्हिडिओच्या सुरुवातीला तारीख मीच सांगितली आहे. वातावरणनिर्मितीसाठी.
व्हिडिओ डिलीट केला. प्रश्न मिटला.

१४ डिसेंबर
रसिकाचा फोन. प्रश्न मिटलेला नाही. डिलीट व्हायच्या आधीच तो गावच्या ग्रुपवर फिरला. आबांनी धोंडूकाकांच्या फोनवर पाहिला, शेवटपर्यंत. मग तिलाच विचारलं, "ह्या आपलाच घर मा?" त्यानंतर जेवलेले नाहीत.
मी विचारलं, बोलणं त्यांना पटलं का, म्हणजे सिनेमाबद्दलचं. तिने फोन ठेवला. प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला असावा.

१६ डिसेंबर
घरी आलो. कौल झाला. गावपळण देवाला मान्य नाही. १९ तारखेपासून पुन्हा करायची, अगदी पहिल्यापासून.
म्हणजे सगळं गाव पुन्हा माळावर. तान्ही मुलं, दम्याची म्हातारी माणसं, व्यायला आलेल्या गाई. काल मोडलेल्या झोपड्यांच्या झावळ्या लोक आज परत डोक्यावर घेऊन चाललेत. कोणी मला शिव्या देत नाही. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तयार होतं. समोरून जाताना बोलणं थांबवतात, आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करतात.
आबांना म्हटलं, मी देवळात येऊन सगळ्यांना समजावून सांगतो. ते म्हणाले, "तू बोललंस तितक्या पुरे झाला." धोतर त्यांनी इस्त्रीला दिलं नाही.

१९ डिसेंबर
गाव पुन्हा निघालं. निघतानाचं गाऱ्हाणं धोंडूकाकांनी घातलं. निम्म्यात अडखळले. पुढचे शब्द त्यांना येईनात, तशी सगळी माणसं वळून आबांकडे बघायला लागली. मलाही वाटलं, आता आबा सांगतील. आबांनी खाली बघितलं. काकांनी कसंबसं पुरं केलं, की मागे कोणी राहिलेलं नाही, आणि गाव म्हणालं, होय म्हाराजा.
त्यात आबाही होते, सगळ्यात मागच्या रांगेत, माझ्या शेजारी. त्यांचं 'होय म्हाराजा' इतकं बारीक होतं, की मला कान द्यावा लागला. इतकी वर्षं तो आवाज शोधावा लागला नव्हता.