उजव्या स्पीकरची वाटणी

मी रघुवीर पुरुषोत्तम केळुसकर, घरात दाजी, वय ७७, लाँचच्या इंजिनांचा निवृत्त मेकॅनिक, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके जाग्यावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे असल्यास ते ग्राह्य धरू नये.

१. राहते घर, मागचे माड आणि बँकेतील ठेव पत्नी सुभद्रा हिची. तिच्या पश्चात मुलगा सुदेश आणि मुलगी सारिका यांनी सारखे घ्यावे. माडांवरून फोनवर भांडू नये. भांडायचे तर इथे यावे, जेवावे, मग भांडावे.

२. हत्यारांची पेटी शेजारच्या सॅविओला. पाने इतकी वर्षे तोच वापरतो. परत आणून देण्याचा त्याचा त्रास वाचेल.

३. उजवा स्पीकर. याचे थोडे मागचे सांगावे लागते.

मी आणि धाकटा भाऊ गुरुदास एकत्र राहत होतो, तेव्हा बाहेरच्या खोलीसाठी जुने स्पीकर बघायला बांद्याला गेलो. आर्थर मास्तर घर आवरून गोव्याला निघाले होते. त्यांची जोडी फुल-रेंज, म्हणजे एकाच कोनातून, आतल्या कागदी शंकूतून, जाड-बारीक सगळा आवाज. मी कोन तपासले. गुरुदासने घरून नेलेली बुवांच्या भजनाची कॅसेट लावली आणि स्पीकरकडे पाठ करून दारात उभा राहिला.

"दाजी, बुवा हंयच येवन बसलो मरे! आता किंमत करीत बसा नको."

पुढे विहिरीच्या पंपावरून बिनसले आणि वाटणी झाली. आमच्याकडे वाटणीत फणसाच्या फांद्यासुद्धा वाटतात. स्पीकर दोन, भाऊ दोन. बाबली पंच म्हणाले, "येक तुका, येक तेका. फुडचा बोला." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. डावा मधल्या दगडी गडग्यापलीकडे गुरुदासच्या घरी गेला.

त्या कॅसेटमध्ये बुवांचा गळा डाव्या बाजूला आणि मृदंग उजव्या. तेव्हापासून माझ्या घरी मृदंग वाजतो. दोन्ही बाजू एका स्पीकरवर आणणारी वायर मी चहा निवायच्या आत जोडली असती. पण मग दाजीचे एकावर भागते, असे गुरुदासला वाटले असते. सुभद्रा म्हणते, "बुवा गेलो गडग्यापलीकडे. तुमी वाजवीत बसा."

तरी माझ्या पश्चात उजवा स्पीकर गुरुदासला द्यावा. त्याने जोडी एका खोलीत मांडून ऐकावी. बाकी कलमे वकिलांनी सांगितली म्हणून लिहिली. हे एक मला लिहायचे होते.

४. सारिकाला सावंतवाडीच्या घराच्या हॉलसाठी जुने स्पीकर हवे आहेत. तिने वरच्या पॉलिशवर जाऊ नये. जाळी काढून कोनाचा कागद बघावा; खाऱ्या हवेने बुरशी धरते. कडेचा फोम बोटाला चिकटला तर नमस्कार करून परत यावे. कोन हलक्या हाताने आत दाबावा. खरखरला तर आत घासतो आहे. दुकानदार मोठ्याने लावतो, तिने लहान आवाजात ऐकावे, आणि तेही ओळखीच्या माणसाचे बोलणे किंवा गाणे. घरी आणल्यावर दोन्ही भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावेत. एक दिवाणखान्यात आणि एक स्वयंपाकघरात, हा जावयांचा बेत मला मान्य नाही.

५. सह्यांच्या वेळी घडले ते नोंदवतो. साक्षीला सॅविओ आला होता. शर्मिला वकील म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे त्यांची साक्ष नको." सुभद्राने मला न विचारता गडग्यावरून गुरुदासला हाक मारली. तो आला आणि उभ्याउभ्याच कलम ३ वाचले.

"म्हणजे तू मरासर मी मृदंगाची वाट बघू? तुझी तब्येत बघता माझोच नंबर आधी लागतलो."

मी म्हटले, "मगे आताच घेवन जा."

"माझ्या खोलयेत जागा खंय आसा? माझो डावो हंय हाडतंय. वायर काढून ठेव."

"अहो, सहीचं काय?" वकीलबाई म्हणाल्या.

"बाय, इतकी वर्षां थांबलंव. तुमी चाय घेवा."

त्याने डावा डोक्यावरून आणला. गडग्याचे चार चिरे सॅविओने बाजूला केले. ते परत लावू नयेत.

सबब कलम ३ मी माझ्या हाताने, वाचता येईल अशा एका रेघेने खोडले आहे. जोडी माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. पुढे ती कोणाची, हे मुद्दाम लिहिलेले नाही. त्यासाठी पंच बसवू नयेत. गुरुदासला या मृत्युपत्राने आता काहीही मिळत नाही; म्हणून त्याची साक्ष चालते, असे वकिलांनी सांगितले.

लिहून ठेवणार: रघुवीर पुरुषोत्तम केळुसकर (सही)

साक्षीदार:
१. कौस्तुभ नाईक, वकिलांचे कारकून (सही)
२. गुरुदास पुरुषोत्तम केळुसकर, सख्खा भाऊ (सही, भजन संपेपर्यंत थांबून केली)

ठिकाण: तारकर्ली
दिनांक: १९ जानेवारी २०२५