मोज्यातली डबी

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

डबी काचेवरच! स्वेर्रे स्वीडनहून आला, गाडी दारात लावली, आणि रडारची डबी समोरच्या काचेला तशीच चिकटलेली.

पुढे पोलिसांनी वेग मोजायला रडार लावलं असेल तर ही डबी आधीच बोंबलते. आमच्या नॉर्वेत चालते. पुलापलीकडे स्वीडनमध्ये सापडली की जप्त, वर दंड. चालू डबी हुडकायचं यंत्रही आहे त्यांच्याकडे. म्हणून इतकी वर्षं आमचा नेम ठरलेला – पुलाआधीच्या शेवटच्या पेट्रोलपंपावर तो डबी काढणार, लोकरीच्या मोज्यात घालणार, माझ्या मांडीवर विणकामाखाली ठेवणार. काचेवरचा गोल डागसुद्धा रुमालाने पुसणार. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मी जात नाही. तो एकटाच जातो, पण मोजा न चुकता नेतो.

आज मोजा घरी खणातच होता. म्हणजे हा पूल ओलांडून गेलाच नाही! मग दर शुक्रवारी भावाकडे जातो म्हणून हा नवरा जातो कुठे?

शनिवार, १२ ऑक्टोबर

बेकन कुठंय, म्हणून विचारलं. तिकडे स्वस्त मिळतं, आमचं सगळं हाल्देन गाव त्यासाठीच तिकडे पळतं. म्हणाला, राहिलं. हा माणूस एक वेळ मला विसरेल, बेकन नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

शेवटी ओड्वारला फोन केला. स्वेर्रेचा धाकटा भाऊ, निवृत्त झाल्यावर स्वस्तात घर मिळालं म्हणून पलीकडे जाऊन राहिलाय. म्हणाला, "आला होता की, वहिनी. कॉफी घेतली, गप्पा मारल्या." मग म्हणाला, "वहिनी, तुला त्याच्यात काही वेगळं..." मी फोन ठेवला. भाऊ भावाचीच बाजू घेणार, दुसरं काय!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पुन्हा काचेवर.

आणि स्वेटर उलटा! शिवण बाहेर. घाईघाईत कुठेतरी काढायचा, घाईघाईत घालायचा, मग असंच होणार. हातात फुलं. माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो. दारातच म्हणाला, तू आज छान दिसतेस. मी फुलं नळाखाली तशीच ठेवली. मग न्हाणीघरात जाऊन रडले. या वयात! कोणाला सांगू? मुलीला सांगितलं तर ती आधी हसेल.

सोमवार, २१ ऑक्टोबर

कोण असेल? पेट्रोलपंपावरची ती जाडी? ग्रंथालयातली विधवा? दोघींनाही आज नीट बघून आले. दोघीही माझ्यापेक्षा बऱ्या दिसतात.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

विचारलं. बटाटे सोलता सोलता, सरळ. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

मी म्हटलं, नाटकं पुरे. डबी काचेवर असते, मोजा खणात. तू पुलाकडे फिरकतच नाहीस. मूर्ख समजतोस का मला?

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाला, "मी ओड्वारकडे गेलो होतो ना? टुरिड, गेलो होतो ना मी?"

म्हणजे वर मलाच विचारतोय! आज अंथरूण शिवणाच्या खोलीत घातलंय. एवढा संसार केला, त्याचं हे फळ. उद्या मीही मोज्याचं नाव काढणार नाही. बघतेच.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

जेवणाच्या वेळी फोन. स्वीडनचे पोलीस, बाईच बोलत होती, आवाज मऊ. तुमचे यजमान सुखरूप आहेत. दक्षिणेकडे निघाले होते, काचेवर डबी चालू होती म्हणून अडवलं. ती जप्त केलीय. कुठे जायचंय ते त्यांना सांगता येत नाही. डबी काढून घेताना एकच म्हणत होते – मोज्यात घाला, मोजा टुरिडच्या मांडीवर आहे.

ओड्वारचं घर केव्हाच मागे पडलेलं. म्हणजे तो खरंच पूल ओलांडत होता. दर शुक्रवारी.

देवा, एखादी बाई असती तर किती बरं झालं असतं.

ओड्वार त्याला घेऊन येतोय. मी मोजा खणातून काढलाय. मांडीवर घेऊन बसलेय.