होडीला मोटार: अडीच की दहा?

१२ जानेवारी
होडी आली! टेम्पोतून उतरवताना अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये. चौदा फुटी, शिडाची, सेकंडहँड, पण तळ ठणठणीत. वॉचमनकाका म्हणाले, "हेंद्रेपाड्यात समुद्र कधी आला?" माहेरच्या खाडीत नेणार आहे, काका! वारा पडला आणि ओहोटी उलटी लागली तर परतायला मागे मोटार हवी. तेवढंच राहिलंय.

१३ जाने.
प्रकाशचं म्हणणं, "दहा हॉर्सपावरच्या खाली बात नाही." माझ्या या नवऱ्याचं कॅम्प चारला पाण्याच्या पंपांचं दुकान. गिऱ्हाइकाने तीनचा मागितला की पाचचा गळ्यात मारायचा, तक्रार येत नाही. मी वाचलेलं सांगितलं: एवढ्याशा होडीचा वेग एका हद्दीपुढे वाढतच नाही, मोठी मोटार नुसतं पाणी घुसळते. अडीच पुरे.
"अडीचमध्ये गच्चीवर पाणी चढत नाही."
अरे, मला गच्चीवर कुठे जायचंय!

१६ जाने.
नणंद सुलभा खरवईहून आलेली. हळूच म्हणाली, "वहिनी, दादा पाण्याला टरकतो. लहानपणी विहिरीत..." प्र. आत आला, वाक्य तिथेच राहिलं. म्हणजे ते दहा हॉ.पा. होडीसाठी नाहीतच, त्याच्या धडधडीसाठी. आणि मला तर तो बरोबर हवाय. एकटीने जाण्यात काय मजा?

१९ जाने., रवि.
नदीवर गेलो. काय दिवस होता! मागच्या फळीला मोटारीऐवजी पाण्याचे वीस लिटरचे दोन जार बांधले, दहाच्या मोटारीएवढं वजन. मोटार चालवणारा मागेच बसतो, म्हणून प्र.च्या जागी सुलभा. भावंडांचा बांधा एकच. ती टेकली मात्र, मागून पाणी आत, पुढचं टोक वर! "मेले गं वहिनी!" पाणी गुडघाभर, बोंब गावभर. एक जार सोडला, उरला अडीचच्या मोटारीएवढा. होडी सरळ.
प्र. काठावर. ओरडून सांगितलं, "दहाची मोटार किंवा तू! दोघं नाही मावणार!"

२१ जाने.
त्याने स्वतः फोन करून अडीचची सांगितली!! मी स्वयंपाकघरात नाचले. मग म्हणतो कसा, "आता तू आणि सुलभा आरामात जाल."
सगळं मुसळ केरात.

२५ जाने.
मोटार आली. पार्किंगमध्ये पाण्याच्या ड्रमला लावून बघितली. प्र.ने दोरी ओढली, दुसऱ्या झटक्यात चालू. "आवाज चांगलाय," म्हणाला. पंपवाल्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. मला राहवेना. त्या फटफटीत ओरडूनच सांगितलं, "मला सुलभाबरोबर नाही जायचं. तुझ्याबरोबर जायचंय!"
वॉचमनकाकांनीही ऐकलं असणार. ऐकू देत.
प्र.ने मोटार बंद केली. "खाडीत पाणी किती खोल असतं?"
खोटं बोलवेना. "भरतीला दोन पुरुष."
त्याने ड्रममध्ये कोपरापर्यंत हात बुडवून बघितला. मग विचारलं,
"आणि ओहोटीला?"