नऊ मिनिटांची जागा

क्लीव्हलँड
१२ मे १९७६

चि. थॅडियस यास,

आशीर्वाद. मोठी बहीण आहे म्हणून लिहिला; आतून येत नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर आपल्या ओला मे बाईने तुझ्या शिकागोच्या पेपरातलं कात्रण माझ्या हातात ठेवलं आणि सगळ्या बायकांदेखत विचारलं, की हा तुमचाच थॅड ना. ‘पाद्रीबाबा कुणाच्या घरी?’ या सिनेमाची तू सालं काढलीस, तेही मी गिळलं असतं. नव्या पाद्र्याला रविवारी जेवायला कुणी बोलवायचं यावरून दोन बायका भांडतात, यात तुला थिल्लरपणा दिसला, दिसू दे. पण शेवटी लिहिलंस, की संकलन करणाऱ्याला कुठे कापावं हेच कळत नाही, प्रत्येक विनोदानंतर चित्र मेल्यासारखं पडून राहतं.

संकलन कुणी केलंय, रे? माझ्या मार्वाने. जिला सायकल तू शिकवलीस, त्या तुझ्या भाचीने. सात वर्षं तिने हॉलीवूडमध्ये दुसऱ्यांच्या फिती गुंडाळल्या, तेव्हा कुठे हा पहिला सिनेमा तिच्या हाती आला. इथे दुसऱ्या आठवड्यातही तिकीट मिळत नाही. आमची अख्खी रांग हसून हसून रडली. आणि तू शिकागोत बसून नाक मुरडतोस!

लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.

तुझी ताई,
जेनीवा


शिकागो
१७ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. रागाने घातला, तरी नमस्कारच आहे.

मार्वाचं नाव मी वाचलं होतं. वाचूनच लिहिलं. भाची म्हणून सूट दिली असती, तर ती समीक्षा कसली, आहेर झाला असता.

तुला माझी नोकरी कधी कळलीच नाही. सकाळी दहाला सिनेमा कंपनीच्या छोट्या थेटरात आम्ही पाच समीक्षक सिनेमा बघतो. चार गोरे, पाचवा काळा मी. पडद्यावर आपली बाई शेजारणीचा केक पियानोच्या बाकाखाली लपवते आणि मग चार-पाच सेकंद काही घडतच नाही. नुसती उभी. खोलीत पेन्सिलींचा आवाज. ते चौघं हळूच माझ्याकडे बघतात, हा हसतोय का म्हणून. हसलो, तर आपल्या माणसांचा म्हणून हसला. नाही हसलो, तर बघा, तोसुद्धा हसला नाही. अकरा वर्षं मी त्या खुर्चीत घाम पुसतोय, ताई. आपल्या पोरांनी ढिसाळ काम केलं, तर मी ढिसाळच म्हणणार, नाहीतर उद्या चांगल्याला चांगलं म्हटलेलं कोण ऐकेल?

आणि ओला मे हसली हा पुरावा धरू नकोस. ती मयतालाही हसते.

कुलपाची किल्ली जपून ठेव, एवढी विनंती.

तुझा,
थॅड


क्लीव्हलँड
२४ मे

चि. थॅडियस यास, आशीर्वाद.

काल मार्वाचा फोन आला. मोठ्याने रडली असती तर बरं वाटलं असतं.

सध्या सिनेमा क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि शिकागोत आहे. जूनमध्ये तो देशभर जाणार, आणि त्याआधी कंपनी त्यातली नऊ मिनिटं कापणार. सगळी तुझी ती ‘मेलेली’ मिनिटं. मार्वा दोन दिवस भांडली. तर साहेबाने तुझं कात्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, की हे तर तुमचाच माणूस म्हणतोय. एखाद्या गोऱ्याने लिहिलं असतं, तर तिने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं असतं. मामाच्या नावापुढे काय बोलणार?

आता मी सांगते ते मुकाट्याने वाच. आपले बाबा चाळीस वर्षं व्यासपीठावर उभे राहिले. एक वाक्य टाकायचे आणि थांबायचे. पुढचं आठवत नसे म्हणून का रे? खालून हुंकार यायचा, टाळी पडायची, कुणीतरी ओरडायचं की सांगा पाद्रीबाबा, सांगा. ते ओसरलं की पुढचं वाक्य. मार्वा तेव्हा पहिल्या बाकावर पाय हलवत बसलेली असे. तिने तेच केलंय. सिनेमात ती बाई गप्प उभी राहते ना, ती जागा आमच्या बोलण्यासाठी सोडलेली आहे. आम्ही तिला हसतो, झापतो, केक कुठे आहे ते शेजारणीला ओरडून सांगतो. तू तो सिनेमा चार मुक्यांबरोबर पाहिलास. रिकाम्या चर्चमध्ये बाबांचं प्रवचन ऐकून ते अडखळतात असं छापून आणण्यासारखं आहे हे.

शनिवारी साउथ साइडला, आपल्या वस्तीतल्या थेटरात जा. स्वतःच्या पैशाने तिकीट काढ. वही नेऊ नकोस.

जेनीवा


शिकागो
३ जून

ती. ताईस, नमस्कार.

गेलो होतो. उभं राहून पाहिला, खुर्ची मिळाली नाही.

केक बाकाखाली गेला आणि चारशे माणसं एकदम त्या बाईवर तुटून पडली. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने तिला बजावलं, की देव बघतोय हं, बाई. हशा ओसरला, आणि नेमकं तेव्हा तिने घाबरून वर छताकडे पाहिलं. जणू म्हाताऱ्याचं ऐकलं! पुन्हा हशा. असं शेवटपर्यंत. एक शब्द कुणाचा बुडाला नाही. ताई, पोरीने एकेक सेकंद मोजून कापलाय. आणि मी पाद्र्याचा मुलगा, मला हे कळू नये?

सोमवारी संपादकाकडे गेलो. तो म्हणाला, एका सिनेमाची समीक्षा एकदाच. टेबलावर हात आपटून भांडलो, तेव्हा वाचकांच्या पत्रांत सहा ओळी मिळाल्या. त्या घेऊन कंपनीला फोन केला. तिथला माणूस गोड बोलला. पहिलं कात्रणच आमच्या जास्त उपयोगाचं आहे म्हणाला. अकरा वर्षांत माझं मत इतकं मनावर कुणी घेतलं नव्हतं. फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

मार्वाला लिहायला बसतो आणि कागद फाडतो. तू तिला सांग, मामा चुकला.

थॅड


क्लीव्हलँड
२० जून

ती. मामास,

नमस्कार. मी आईकडे आले आहे; तुझा निरोप तिने पोचवला. कागद फाडले नसतेस, तर मी वाचले असते.

माझं नाव काढून टाका असं मी कंपनीला सांगितलं. नावांच्या पाट्या छापून झाल्या म्हणाले. त्यामुळे जे चाललंय ते माझ्याच नावावर चाललंय.

शुक्रवारी इथल्या थेटरातही जुनी प्रत जाऊन नवी लागली. ओला मेमावशी पाचव्यांदा आल्या होत्या, शेजारी आई आणि मी. केक बाकाखाली गेला, मावशींनी तोंड उघडलं, पण पडद्यावरची बाई थांबलीच नाही. धडाधड पुढचं बोलत सुटली. लोक हसत होते आणि त्या हसण्याखाली पुढचे दोन विनोद गेले. मग कुणी विचारू लागलं, की काय म्हणाली, काय म्हणाली. त्यात आणखी एक गेला. लोक चिडायला लागले. पण कंपनीवर कसे चिडणार, ती काय थेटरात बसलेली असते? मागच्या रांगेतल्या एका बाईंनी मावशींच्या खांद्यावर बोट ठोकलं आणि गप्प बसायला सांगितलं, ऐकू येत नाही म्हणून.

मामा, मी लहानपणापासून त्या थेटरात जातेय. आपल्या माणसाने आपल्या माणसाला तिथे गप्प केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मावशी गप्प बसल्या. हळूहळू सगळेच बसले. शेवटची चाळीस मिनिटं पडद्यावरचं एकूणएक वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

मला राग आवरता आला की लोभाचं लिहीन.

मार्वा